गिरणीचं गाऱ्हाणं

आमच्या सरांनी आयुष्यात एकही स्पर्धा जिंकली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी उगाच आशा लावून बसायला नको.

स्पर्धा म्हणजे धावण्याच्या वगैरे नव्हेत. हल्ली कुठलीतरी कंपनी नाहीतर कुठलातरी फंड जाहीर करतो की गावासाठी रोजगाराची, आरोग्याची एखादी कल्पना घेऊन या, स्टेजवर पाच मिनिटांत मांडा, परीक्षकांना पटली तर ती आम्ही उभी करून देऊ. याला पिच करणं म्हणतात. सर त्यासाठी जगायचे. आमची संस्था महाडच्या बाजारात एका पेंडीच्या दुकानाच्या माळ्यावर होती. मी नुकती कॉलेजातून बाहेर पडून तिथे लागले होते. माझी समजूत अशी की आता आपण गावोगाव फिरणार, लोकांचे अश्रू पुसणार. पहिल्याच दिवशी सरांनी मला खुर्चीत बसवलं, समोर उभे राहिले आणि म्हणाले, "अहो बाई, समजा तुम्ही परीक्षक आहात. चेहरा जरा आंबट करा."

मी केला.

"अजून. सकाळपासून मशरूमचे प्रकल्प ऐकून तुमचे कान किटलेत आणि तुम्हाला भूक लागलीय."

भूक खरंच लागली होती. तेवढ्यावर माझी नेमणूक पक्की झाली असावी.

हा माणूस सगळ्यांना अहो म्हणायचा. मला, चहावाल्याला, आणि माळ्यावर फायलींच्या गठ्ठ्यावर झोपणाऱ्या मांजरालासुद्धा. "अहो, उठा आता, तुमच्याखाली शेळ्यांचा प्रकल्प आहे." मांजरही कसं कोण जाणे, उठायचं. अरे-तुरे फक्त परीक्षकांना, तेही पाठीमागे. आयुष्य एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलरशेजारी गेल्यामुळे आवाज असा, की त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट खाली पेंडीच्या दुकानात ऐकू जायची. पॅन्ट छातीपर्यंत, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत किल्लीचं गजराचं घड्याळ.

घड्याळ पाच मिनिटं मोजायला. मोबाइलवर मोजता येतं हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मोबाइल वाजला तर माणूस फोन घेतो. गजर वाजला तर जागा होतो." एसटीत बसले की शेजाऱ्याला विचारायचे, "पाच मिनिटं आहेत का?" शेजारी बिचारा आहेत म्हणायचा. महाड ते पोलादपूर त्याच्याकडे दुसरं असणार काय? मग घड्याळाला किल्ली आणि प्रकल्प सुरू. ते घड्याळ कधी चौथ्याच मिनिटाला वाजायचं, कधी पोलादपूर आलं तरी वाजायचं नाही. एकदा वरंधला ओळखीतल्या कोणाच्या तेराव्याला गेले होते, तर पंगतीत शेजारच्या पाहुण्याला मधमाश्या समजावून सांगताना गजर झाला. सगळी पंगत दचकली. गेलेल्या माणसाची मुलगी मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली म्हणे. सर त्याला पिच यशस्वी झालं असंच म्हणायचे.

ऑफिसात त्यांचे दोन कायदे होते. 'लाभार्थी' हा शब्द जो उच्चारेल त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा. पहिल्या पावसाळ्यात मी इतका चहा केला की मला वाटायला लागलं माझी नेमणूक त्यासाठीच आहे. दुसरा कायदा म्हणजे 'बरं, मग?' आपण कितीही सुंदर वाक्य लिहून नेलं तरी समोरून तेवढंच यायचं.

"सर, या कुक्कुटपालनातून महिलांचं सक्षमीकरण होईल."

"बरं, मग?"

"त्यांचा आत्मविश्वास वाढेल."

"बरं, मग?"

"मग... घरात निर्णय घेतील."

"कसला निर्णय?"

"अहो सर, अंडं विकायचं की पोराला खायला घालायचं, हा!" मी एकदा वैतागून ओरडलेच.

"हां! अंडं लिहा. ते वरचं सगळं खोडा."

राग यायचा. खरंच यायचा. घरी जाऊन मी आईसमोर त्यांची नक्कल करायचे. आईला सर इतके आवडायला लागले की माझी बाजू घेणारं घरात कोणी उरलं नाही.

एवढी अक्कल असलेला माणूस मग हरायचा का? तर समोर परीक्षक बसला की त्यांच्या अंगात यायचं. खेकडापालनाचं पिच होतं तेव्हा ते तुडीलहून, त्यांच्या मूळ गावाहून, खाडीतले जिवंत खेकडे ओल्या पोत्यात घालून घेऊन आले. चित्र दाखवायचं नाही, वस्तू दाखवायची, हा त्यांचा बाणा. वस्तू पोत्यातून निघाली आणि हॉलभर झाली. परीक्षकबाई खुर्चीवर चढल्या. एका खेकड्याने त्यांच्या पर्सचा पट्टा धरला तो काही केल्या सोडेना, आणि आमचे सर स्टेजवरून ओरडतायत, "चिकाटी बघा! ही चिकाटी बघा त्याची!" बक्षीस मशरूमला गेलं. सापडले तेवढे खेकडे आम्ही सरांच्या घरी नेले. वहिनींनी फर्मास कालवण केलं आणि वाढता वाढता म्हणाल्या, "यांचा एवढा एकच प्रकल्प घराच्या उपयोगी पडला."

सर खाली मान घालून खेकड्याची नांगी फोडत बसले होते. त्यांना वाईट वाटायचं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता गिरणीचं सांगते. तेच सांगायचं होतं.

पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला जीप सोडली की तासभर चढून एक वाडी लागते. आमचं तिथे येणं-जाणं होतं. वाडीत राहायला सगळी उतरत्या वयाची माणसं, कर्ती पोरं मुंबईला. नाचणी, वरी, भात पिकतं, पण दळायला खाली पोलादपूरला यावं लागतं. दगडी जाती घरोघर आहेत, ती ओढणाऱ्या सुना नालासोपाऱ्यात. म्हणून बायका डोक्यावर दळण घेऊन उतरायच्या, गिरणीत नंबर लावून बसायच्या आणि पीठ घेऊन परत चढायच्या.

सर एकदा त्या पोलादपूरच्या गिरणीत वहिनींचं काहीतरी दळायला म्हणून गेले आणि दुपारी पिठाने पांढरे होऊन ऑफिसात उगवले. डोळे तेवढे काळे. "अहो बाई, ऐका. आपण आरोग्य शिबिर घेतो तेव्हा किती माणसं येतात?"

"येतात की. वडापाव असला तर येतात."

"आणि गिरणीत? गिरणीत यावंच लागतं. वर तासतासभर बसावं लागतं. आज त्या बायका काय बोलत होत्या माहितीय? हिची चक्कर, तिचे पाय सुजतात, तिसरीला रात्री दहादा उठावं लागतं. डॉक्टरला सांगत नाहीत ते सगळं गिरणवाल्याच्या कानावर! माणूस दवाखान्यात जात नाही, गिरणीत जातो. मग दवाखाना गिरणीत का नाही?"

डिझेलवर चालणारी एक गिरण, तिला लागून एक खोली, खोलीत आरोग्य खात्याची आशाताई बीपीचं आणि साखरेचं मशीन घेऊन. दळण होईपर्यंत तपासणी. गिरण बायकांच्या गटाची, नाचणीचं पीठ पिशव्या भरून खालच्या हॉटेलांना. मी "बरं, मग?" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. 

तरी ही कल्पना फायलीतच राहिली असती, मांजराखाली. पण त्या हिवाळ्यात सखूबाई पडली.

सखूबाई म्हणजे भागीकाकीची जाऊ. भागीकाकी वाडीतली सगळ्यात तिखट बाई, आमची तिथली मुख्य आधार. दोघी पोलादपूरहून दळण घेऊन चढत होत्या. एका वळणावर सखूबाई म्हणाली, "गो भागे, माझा हात कुठं गेला?" हात होता जागेवर, तिला जाणवत नव्हता. मग तोंड वाकडं झालं आणि डोक्यावरचं गाठोडं सुटलं. झोळी करून तिला रस्त्यापर्यंत उतरवली, तिथून जीपने महाड. जगली, पण डावी बाजू गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं असणार, कधी मोजलं होतं का? कोण मोजणार होतं! आम्ही दुसऱ्या दिवशी वर गेलो तेव्हा त्या वळणावर पीठ तसंच सांडलेलं होतं आणि मुंग्या लागल्या होत्या. सर तिथे उभे राहिले. 

मग आला शिमगा. पालखी सहाणेवर बसली होती, म्हणजे वाडीच्या मधल्या त्या दगडी ओट्यावर. राघोबाबा हा तिथला गावकर, गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्या गावातर्फे देवाशी बोलायचा मान त्याचा; त्याच्या प्रत्येक वाक्याला वाडीने होकार भरायचा. तो गाऱ्हाणं घालून थांबतो न थांबतो तोच आमचे सर पुढे झाले आणि बॉयलरच्या आवाजात म्हणाले, "पुढच्या शिमग्याला या वाडीचं दळण या वाडीत निघेल. आणि गिरणीत येईल त्या प्रत्येकाचं बीपी तिथेच मोजलं जाईल. माझा शब्द."

आणि सगळी वाडी सवयीने म्हणाली, "व्हय महाराजा!"

उतरताना मी त्यांना झाड झाड झाडलं. "सर, आपल्या ऑफिसचा पंखा फिरत नाही आणि तुम्ही गिरणी कसल्या वाटता? देवासमोर?"

"बोलून गेलो खरा," ते म्हणाले.

राघोबाबा आम्हाला सोडायला जीपपर्यंत आला होता. तो शांतपणे म्हणाला, "बोललात ना सर, मंग झाला. पालखीम्होरचा शबूद हाय. नाय झाला तर म्होरल्या शिमग्याला देवाला तसा सांगायला लागंल."

म्हणजे एकच मार्ग उरला होता. स्पर्धा.

महाडात एक मोठी स्पर्धा जाहीर झाली होती. नियम असा, की संस्थेच्या माणसाने बोलायचं नाही, गावातल्या माणसांनी स्वतः मांडायचं. हा नियम वाचून मला केवढा आनंद झाला! सरांचं तोंड बंद राहणार म्हणजे निम्मी लढाई जिंकलीच. वाडीत तर उत्साहाला उधाण आलं. वाडीचं मुंबईत मंडळ आहे. वाडीत पान हलायचं तरी मंडळाला फोन लागतो. सेक्रेटरीने फोनवर मंडळाची खोली द्यायला परवानगी दिली, बायकांनी तिच्यातले मांडवाचे बांबू बाहेर काढून शेणाने सारवली, चुना मारला. सखूबाईला खाटेसकट दारात आणून बसवली, खोली बघायला. तिला नीट बोलता येत नव्हतं. उजव्या हाताने तिने दाराला हात लावून बघितला.

आता बोलणार कोण? सगळ्यांनी भागीकाकीकडे बघितलं.

"मला भाषान येत नाय," ती म्हणाली. "भांडान येतं."

"मला गाऱ्हाणं येतं," राघोबाबा म्हणाला.

सर उडालेच. "अहो बाई, ऐकलंत? पिच म्हणजे दुसरं काय! देवाचं नाव घ्यायचं, आपण कोण ते सांगायचं, काय अडलंय ते सांगायचं, काय हवं ते मागायचं, आणि मिळालं तर काय करू तेही कबूल करायचं. आपल्या लोकांना पिढ्यान्पिढ्या पिच येतंय आणि आपण त्यांना शिकवायला निघालोय!"

तालमी सुरू झाल्या. राघोबाबा गाऱ्हाणं घालायचा, वाडीची पाच-सात माणसं मागे उभी राहून "व्हय महाराजा" म्हणायची, सर घड्याळ लावून बसायचे. गजर झाला की राघोबाबा हात जोडून डोळे मिटायचा, घंटा झाली म्हणजे आरती आली या हिशेबाने. पण सांगते, सुरेख बोलायचा. अंगावर काटा यायचा. सगळं वेळेत बसत होतं. मी सरांना म्हटलं, "सर, या वेळी जिंकतो आपण." ते नुसतं घड्याळ पुसत बसले.

एक गोष्ट मात्र आमच्या दोघांच्याही लक्षात आली नाही. गाऱ्हाण्यात आणखी एक भाग असतो. वर्षभरात गावाच्या हातून जे चुकलंमाकलं ते देवासमोर बोलून पदरात घ्यायला सांगायचं. तो भाग राघोबाबाने तालमीत कधी घातलाच नाही. पुढे मी त्याला विचारलं तर म्हणाला, "तालमीत देव कुठं व्हता? कोनाला सांगू?"

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरलेला. स्टेजसमोर तीन परीक्षक: कंपनीचे एक साहेब, एक वयस्कर डॉक्टर आणि एक चष्मेवाल्या बाई. आमच्या आधी मशरूम झाली. मग सूटबूट घातलेल्या दोन मुलांनी फवारणीचा ड्रोन मांडला. मग राघोबाबा. धोतर, काळी बंडी, डोक्याला फेटा. परीक्षकांना त्याने वाकून नमस्कार केला, आणि सुरू झाला.

"बा देवा महाराजा! डोंगराच्या कुशीतली तुझी लेकरा आज खाली उतरून तुझ्या दारात आली हायत..."

"व्हय महाराजा!"

हॉलमध्ये हशा पिकला. पण तो सखूबाईच्या वळणापर्यंत आला तेव्हा हॉल चिडीचूप. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चष्मेवाल्या बाई पुढे सरकून बसल्या. गिरण मागितली, खोली सांगितली, पीठ विकायचं सांगितलं. मी सरांचा हात घट्ट धरला होता. आणि आता थांबायचं, तर राघोबाबाने दम घेतला आणि आवाज आणखी चढवला.

"आनि महाराजा, आमच्या हातून जी काय चूक झाली आसंल ती पदरात घे! मागं आमाला शिलाई मशिनी दिल्या, त्यांच्यावर भागीच्या कोंबड्या बसतात..."

"व्हय महाराजा!"

सरांनी माझा हात सोडून स्वतःचं डोकं धरलं.

"सोलारचं दिवं दिलं, त्याच्या बॅटऱ्या काढून मुंबयच्या मंडळानं पूजंच्या स्पीकरला लावल्या..."

"व्हय महाराजा!"

"दोन भावक्यांचा वाद झाला म्हनून पान्याची टाकी अर्धीच ऱ्हायली..."

"व्हय महाराजा!"

हॉल हसून लोळत होता. लोक मोबाइल काढून शूटिंग करत होते. चष्मेवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माइक ओढला आणि विचारलं, "म्हणजे उद्या आम्ही गिरण दिली तर तीही अशीच बंद पडेल?"

वाक्य संपलं, सूर खाली आला, क्षणभर थांबल्या. वाडीला एवढं पुरे होतं. सगळे एका सुरात, खणखणीत:

"व्हय महाराजा!"

मेलेच मी! हसू की रडू कळेना. मागून भागीकाकी तीरासारखी पुढे आली. मला वाटलं परीक्षकांशी भांडणार, तर ती राघोबाबावरच घसरली. "माझ्या कोंबड्यांची खबर देवाला द्यायला तुला कोनी सांगितला रे म्हाताऱ्या? नि तुमी गो, व्हय काय म्हनताव? बंद पडंल म्हनं! माझी जाव खाटंवर पडलीय, तिच्यासाठी मागायला आलाव ना?" मग परीक्षकांकडे वळली. "ओ बाय, मशिनी आमी मागितल्या नवत्या. गिरण मागितलीय. दळान कुनाचा चुकतो काय? खायला तर रोज लागतंच ना?"

तेवढ्यात सरांच्या पिशवीत गजर झाला. राघोबाबाने हात जोडून डोळे मिटले, मागच्या माणसांनीही मिटले, आणि आमचं पिच आटोपलं.

ड्रोन जिंकला. आमच्याकडची भाताची खाचरं अशी चिंचोळी, की ड्रोन उडाला तर फवारणी शेजाऱ्याच्या शेतात व्हायची. पण जिंकला.

 परतीच्या जीपमध्ये सर स्वतःशीच म्हणाले, "बरं, मग?"

"मग काय, शबूद गेला," भागीकाकी म्हणाली.

"शिमग्यापतूर हाय अजून," राघोबाबा म्हणाला. त्याच्यावर मी इतकी चिडले होते की उतरताना त्याच्याकडे बघितलं नाही. खरं बोलायला दुसरा दिवस नव्हता मिळाला त्याला?

सर त्यानंतर खरेच खचले. मांजराला उठवणंही बंद केलं. एकदा म्हणाले, "अहो बाई, मी शिमग्याला एकटाच वर जातो. तुम्ही येऊ नका. माझी फजिती तुम्ही बघितलेली मला आवडणार नाही." मी त्यांना म्हटलं, "खेकडे बघितलेत मी. आता काय उरलंय?" पण घरी जाऊन खूप रडले. त्या माणसाने सहाणेवर मान खाली घालून उभं राहावं हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

आणि मग मुंबईहून सेक्रेटरीचा फोन आला. स्पर्धेचा व्हिडिओ फिरत फिरत मंडळाच्या ग्रुपवर पोचला होता. फोन स्पीकरवर नव्हता, पण सेक्रेटरीचा आवाजही सरांच्याच जातीचा, सगळं ऐकू येत होतं.

"सर, तुमी आमची इज्जत काढलीव! माझा बॉस मला दाखवतो, ये तेरा गाव है ना, मुर्गीवाला? स्पीकरचा मॅटर बाहेर सांगायची काय गरज होती?"

"अहो सेक्रेटरी, खोटं होतं का?"

पलीकडे सेक्रेटरी नुसता खाकरला.

"बरं, मग?" सर म्हणाले.

"मग काय मग! आमी काय कंपनीच्या जिवावर बसलोय काय? गिरण मंडळ देनार! डिझेलची, एकदम नवी! पन एक कंडिशन. कोंबड्यांचा नाव परत निघता कामा नये."

शिमग्याच्या आधी टेम्पो घाटरस्त्याला लागला. गिरणीपेक्षा मंडळाचा बॅनर मोठा होता. पोरं मुंबईहून खास रजा काढून आलेली, त्यांनी बांबूला बांधून, गणपती नाचवत आणावा तशी ती गिरण वाजतगाजत वर चढवली. दोन्ही भावक्यांची पोरं एकाच बांबूला होती. सरांनी नारळ फोडला. इंजिन धडधडायला लागल्यावर तर त्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. म्हणाले, बॉयलरची आठवण झाली.

पण थांबा. माणूस गिरणीत बसतो, यावर सगळा प्रकल्प उभा होता ना? ते पोलादपूरच्या गिरणीत. तिथे घर लांब, म्हणून बसायचे. इथे घर पलीकडे! लोकांनी दळणाचे डबे ओळीने ठेवले आणि गेले आपापल्या ओटीवर. खोलीत आशाताई मशीन मांडून माशा मारतेय. राघोबाबा तर लांबूनच म्हणाला, "मला काय धाड भरलीय? मी रोज देवळापतूर चढतो."

सरांनी एकदा खोलीकडे बघितलं, एकदा डब्यांकडे. मग गिरण बंद करायला लावली आणि दारात उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडले, "बा देवा महाराजा!"

सगळी वाडी ओटीवरून खाली आली. परक्या माणसाने गाऱ्हाणं घातलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

"एका वर्षामागे या सहाणेवर मी शब्द दिला, त्यातला अर्धा तुझ्या लेकरांनी पुरा केला!"

"व्हय महाराजा!"

"उरलेला अर्धा या खोलीत अडलाय! जो हात दाखवील त्याचंच दळण निघेल!"

"व्हय महाराजा!"

"आणि पहिला हात गावकराचा, कारण पहिला मान त्याचा!"

"व्हय महाराजा!" म्हणणाऱ्यांत राघोबाबाही होता. म्हणून झाल्यावर त्याला कळलं. वाडीत एकदा 'व्हय महाराजा' झालं की विषय संपला, ते मोडायला कोणी धजत नाही. बिचारा मुकाट आत गेला आणि बाही वर केली.

आशाताईने मोजलं. पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हाताला पट्टा बांधला आणि मला डोळ्यांनी जवळ बोलावलं. इतकं बीपी घेऊन हा माणूस उभा कसा, असं ती पुटपुटली. गिरण घेऊन आलेला टेम्पो अजून खाली रस्त्यावरच होता, त्यातूनच त्याला महाडला नेला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलात. सर दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मी हे सांगितलं तेव्हा ते नुसते "हां" म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. राघोबाबा आठवड्याने आपल्या पायांनी डोंगर चढून घरी गेला. गोळी अजून चालू आहे.

त्यानंतरही सर स्पर्धांना जातच राहिले आणि हरतच राहिले. गिरण चालते. नाचणीचं पीठ खाली हॉटेलांत जातं, आणि दळायला येणारा प्रत्येक जण बाही आधीच वर करून येतो.

सर गेल्या वर्षी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पिशवीतलं घड्याळ संध्याकाळी वाजलं तेव्हा वहिनींना कळलं. दुसऱ्यांचं बीपी मोजायला लावणाऱ्या या माणसाने स्वतःचं कधी मोजलं नव्हतं, आणि मला याचा आजही भयंकर राग आहे.

महाडात शोकसभा झाली. मोठी मोठी माणसं बोलली. त्यांनी अनेकांचं सक्षमीकरण केलं, असंख्य लाभार्थी आज पोरके झाले. मी मनात चहाचे कप मांडत होते. रडू म्हणून येत नव्हतं, चीड येत होती. मग मागच्या दारातून भागीकाकी, वाडीची सात-आठ माणसं आणि राघोबाबा आत आले. चालून धुळीने भरलेले. सूत्रसंचालक त्याला म्हणाला, "बाबा, दोन शब्द बोला. पण पाच मिनिटंच हं."

राघोबाबा सरांच्या फोटोसमोर उभा राहिला. फेटा नीट केला.

"बा देवा महाराजा! तुझ्या दारात आज आमचा एक मानूस आला हाय..."

"व्हय महाराजा!" वाडीची माणसं म्हणाली. सभेतली माणसं चमकून मागे बघायला लागली.

"त्याच्या हातून जी काय चूक झाली आसंल ती पदरात घे! एकबी स्पर्धा त्यानं जितली नाय..."

"व्हय महाराजा!" या वेळी वहिनींचा आवाज त्यात होता.

"दिलेला शबूद मात्र त्यानं पाळला. मी उभा हाय, हीच त्याची निशानी..."

"व्हय महाराजा!" आता अर्धी सभा म्हणत होती.

"तो आता तुझ्याम्होरं उभा ऱ्हाईल आनि बोलाया लागंल. मोठ्यानं बोलंल. महाराजा, तू त्याला मधी तोडू नको. त्याला घड्याळ लावू नको!"

सगळ्यांत मोठ्याने ओरडले ती मीच. तिकडे आमच्या ऑफिसखालच्या पेंडीच्या दुकानातसुद्धा ऐकू गेलं असेल.